मैलकुली गेला, फलक राहिला

इंदापूर तालुक्यातलं कळाशी आणि करमाळा तालुक्यातलं कुगाव समोरासमोर आहेत. मध्ये उजनी धरणाचं पाणी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. होडीत सात जण होते. त्यांतले एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे सहा गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, काठावर दोन्ही तालुक्यांची माणसं रात्रंदिवस बसून राहिली आणि मग एकेक मृतदेह हाती लागला. होडीत कुणाच्याही अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

ही माणसं सहलीला निघाली नव्हती. सोयरीकधायरीक, दवाखाना, बाजार यांसाठी या दोन काठांवरची माणसं होडीतून जातात. शेजारच्या गल्लीत जावं तशी. शहरातल्या माणसाला जशी सिटी बस, तशी इथल्या माणसाला होडी. म्हणजे ही रोजची सार्वजनिक सेवाच झाली. मग ती कुणाची, हा प्रश्न अपघातानंतर पडायला हवा होता आणि पडलाही. उत्तर मात्र सरळ मिळालं नाही.

पाणी जलसंपदा खात्याचं. काठ महसूल खात्याचा. होडीची नोंदणी आणि तपासणी यांचा विषय निघाला की बोट महाराष्ट्र सागरी मंडळाकडे वळतं. अंतर्गत जलवाहतुकीचं काम त्या मंडळाकडे आहे. २०२१ साली केंद्राने अंतर्देशीय जहाजांसाठी नवा कायदा केला, त्यात नोंदणी, तपासणी, सुरक्षा सगळं आहे. त्याच्याही आधीचा, १८६८ सालचा मुंबई इलाख्याचा 'तरी'विषयीचा कायदा आहे. 'तरी' म्हणजे नदी ओलांडून देणारी नाव. दप्तरात हा शब्द अजून जिवंत आहे. तरीचा लिलाव, तरीचा ठेका, तरीचं उत्पन्न यांची भाषा त्यामुळे सरकारला जुनीच पाठ आहे. नावेत किती माणसं बसली आणि आभाळ कसं आहे, हे पाहून 'आज सोडू नको' असं म्हणणारा माणूस काठावर ठेवावा, हे मात्र कुणाच्याच दप्तरात चढलेलं नाही.

यात एक गोष्ट विसरली जाते. हे पाणी इथे मुळात नव्हतं. भीमा होती, आणि उन्हाळ्यात ती उतरून पलीकडे जाता येत होतं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि नदीचा समुद्र झाला. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. धरणाची पातळी उतरली की तिथल्या देवळाचं शिखर वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. पाणी आलं तशा दोन काठांमधल्या वाटा बुडाल्या. रस्त्याने जायचं तर डिकसळचा पूल गाठायचा. तो ब्रिटिशांच्या काळात रेल्वेसाठी बांधलेला आणि रेल्वेचा मार्ग हलल्यावर रस्त्याच्या वाट्याला आलेला. तोही थकला, म्हणून शेजारी नवा पूल हाती घ्यावा लागला. तिकडून नको तर पार टेंभुर्णीकडून वळसा. ज्या सरकारने वाट बुडवली, पलीकडे नेण्याची जबाबदारी त्याच सरकारवर येते. ती जबाबदारी चाळीस वर्षं होडीवाल्याच्या अंगावर टाकून सगळे मोकळे राहिले.

हा काही पहिला धडाही नव्हता. ३० एप्रिल २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातच, अजोतीजवळ, उजनीच्या पाण्यात डॉक्टरांच्या एका गटाची होडी उलटून चार जण बुडाले होते. तेव्हाही लाइफ जॅकेटचीच चर्चा झाली. दोन अपघातांमध्ये सात वर्षं गेली. लाइफ जॅकेट ही काही परदेशातून मागवायची वस्तू नव्हे. अडचण पैशाची नव्हतीच. ते अंगात घाल, नाहीतर होडी सोडणार नाही, असं म्हणण्याचा अधिकार आणि सवय असलेला माणूस तिथे नव्हता. कुगाव–शिरसोडी पूल मंजूर झाला आहे. तो होईल तेव्हा होईल. तोवर पाणी आहे आणि ते ओलांडायची गरजही आहे.

या काठावरून मागे वळून बारामतीकडे येताना मला पुन्हा पुन्हा एक जुना शब्द आठवत राहिला. मैलकुली.

*

आजच्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यावर काही मैलांचा एक टप्पा एका माणसाच्या हवाली असायचा. खोरं, घमेलं आणि डोक्याला बांधलेलं फडकं, एवढंच त्याचं सामान. पाऊस पडला की साइडपट्टीवर चर काढून पाणी उतरवून द्यायचं. खड्डा बचकेएवढा असतानाच मुरूम टाकून ठोकायचा. रस्त्यावर आलेली बाभळीची फांदी तोडायची. तो कुणी मोठा कारागीर नव्हता. पण रस्ता कुठे फुगतो, कुठे खचतो हे त्याला पाठ असायचं. कारण तो रोज त्याच रस्त्याने चालायचा, आणि मुकादमाला विचारायचं झालं तर त्यालाच विचारायचा.

ही भरती कधीच थांबली. जुनी माणसं निवृत्त झाली आणि जागा रिकाम्या राहिल्या. आता रस्त्याच्या कडेला निळा-पांढरा फलक असतो. त्यावर कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि 'दोषदायित्व कालावधी' लिहिलेला असतो. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असा त्याचा अर्थ. कागदावर ही व्यवस्था मैलकुलीपेक्षा भक्कम आहे. पण खड्डा बचकेएवढा असताना कुणाला दिसतच नाही. तो टोपलीएवढा झाला, कुणीतरी त्यात पडलं, फोटो निघाला, मगच तो 'दोष' होतो. मैलकुली खड्डा होऊ नये म्हणून होता. दोषदायित्व खड्डा झाल्यानंतर काय करायचं, ते सांगतं.

कालव्यावर असाच माणूस पाटकरी म्हणून असायचा.

बारामती आणि इंदापूरची आजची श्रीमंती नीरा डाव्या कालव्याने आणली. १८८५ च्या सुमारास या कालव्याला पाणी आलं आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. पुढे १९२८ साली भाटघरला मोठं धरण झालं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे साखर कारखाने या पाण्यावरच उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात कार्यकारी अभियंता असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. कुठल्या गटाला किती पाणी आणि कुठल्या पिकाला किती वाटा, हे आधी ठरवून पाणी सोडायची ती रीत. आज आपण ज्याला पाणीवाटपाची शिस्त म्हणतो तिचं एक मूळ या दोन तालुक्यांच्या मातीत आहे. मग शेजपाळी आली, सात नंबरचा अर्ज आला, आवर्तनाचं वेळापत्रक आलं.

पण वेळापत्रक कागदावर असतं आणि पाणी चारीतून वाहतं. या दोघांची गाठ घालून देणारा माणूस पाटकरी. तो कालव्याच्या भरावावरून चालत जायचा. घुशीचं बीळ, खेकड्याचं भोक, भरावाच्या पायथ्याला आलेली ओल बघायचा. ओलीवरून पाझर कळतो आणि पाझर बुजवला नाही तर कालवा फुटतो, हे ज्ञान पुस्तकातलं नव्हे, पायाचं आहे. दारं कुणी रात्री उचलली, पोटचारीला पाइप कुणी घातला, टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं की नाही, हे त्याला ठाऊक असायचं. टेलचा शेतकरी शिव्या द्यायचा तोही त्यालाच.

आता भरावावर चालणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. एकेकाकडे इतक्या चाऱ्या की मोटारसायकलवरून नजर टाकणं एवढंच जमतं. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा कायदा केला. पाण्याची राखण शेतकऱ्यांनीच करावी, ही कल्पना चांगली होती. जिथे संस्था जीव धरून चालल्या तिथे पाणी शेवटच्या रानापर्यंत गेलं. जिथे संस्था फक्त नोंदणीपुरत्या राहिल्या तिथे पाटकरीही गेला आणि संस्थाही आली नाही.

२५ मे २०२५ रोजी बारामती आणि इंदापुरात अवकाळी पावसाने हाहाकार केला. पिंपळी-लिमटेक परिसरात नीरा डावा कालवा फुटला. पाणी रस्त्यावर आलं, घरांत शिरलं, बचावपथकं बोलवावी लागली. पाऊस मोठा होता, हे खरंच आहे. अशा पावसात सर्वांत जागरूक पाटकरीही हतबल झाला असता, हेही खरं. पण एवढा पाऊस कालव्यात उतरत असताना सांडवा कुठे उघडायचा, कुठला भराव आधीच दमलेला आहे, रात्री कुणाला फोन करायचा, या प्रश्नांची उत्तरं आधीपासून कुणाच्या तरी डोक्यात असावी लागतात. फुटल्यानंतर पंचनामा कुणीही करतो.

*

विजेचंही हेच आहे. गावात 'वायरमन' हा शब्द अजून आहे, पण तो एक माणूस राहिलेला नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं २००५ साली विभाजन झालं आणि वीज वितरण महावितरणकडे आलं. वीज नियामक आयोगाने ग्राहकाला हक्क दिले. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं, नाहीतर ग्राहकाला भरपाई द्यायची, असा नियम झाला. नियम चांगलाच आहे. पण वस्तीवर डीपी जळाली की शेतकरी नियमाची वाट बघत बसत नाही. पाणी दोन दिवस चुकलं तर ऊस तग धरतो, भाजीपाला धरत नाही. म्हणून वर्गणी निघते, ट्रॅक्टर जोडला जातो, डीपी उतरवून नेली जाते आणि दुसरी आणली जाते. फ्यूज टाकायला गावातलाच कुणीतरी धीट पोरगा डीपीच्या पेटीत हात घालतो. ज्याचं काम नाही तो जीव धोक्यात घालतो, आणि ज्याचं काम आहे त्याच्यापाशी चार गावांचा 'अतिरिक्त कार्यभार' असतो. भरपाई मागणारे अर्ज फारसे होत नाहीत. त्रुटींची नोंदच कमी, म्हणून कागदावर सेवा बरी दिसते.

एसटीकडे बघा. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी हा मराठी मुलखातला सर्वांत घरोब्याचा सरकारी शब्द आहे. बारामतीचं नवं बसस्थानक मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. बाहेरगावचा माणूस थबकून बघेल असं. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट, हे निर्णय गरिबाच्या खिशाला कळले. इंदापूरच्या खेड्यांतल्या किती म्हाताऱ्या माहेरी जाऊन आल्या, ते मोजायला नको. ते दिसतंच.

पण स्थानकाची इमारत ही सेवेची चौकट. आतली सेवा म्हणजे वेळेवर लागणारी गाडी, चालू पंखा, धुतलेलं शौचालय आणि नियंत्रकाच्या खिडकीत 'गाडी कधी आहे' या प्रश्नाला मान वर करून दिलेलं उत्तर. तक्रारीची वही पूर्वी होती, आजही असते. ती मागितली की समोरच्याचा चेहरा कसा होतो, हे प्रत्येक प्रवाशाला माहीत आहे.

बारामती, इंदापूर, फलटणच्या प्रवाशांचं पुण्यातलं दार म्हणजे स्वारगेट. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे त्या आगारात फलटणला जायला निघालेल्या एका तरुणीवर उभ्या, रिकाम्या बसमध्ये बलात्कार झाला. नंतर तिथले सर्व २३ सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश परिवहन मंत्र्यांनी दिले. रक्षक होते म्हणजे पगार निघत होता, हजेरी लागत होती. पण पहाटे पावणेसहाला आवारात उभ्या गाड्यांमधून एक फेरी मारावी, अंधाऱ्या गाडीचं दार लावलेलं आहे का ते बघावं, ही साधी राखण कुणाची, हे कुणी कुणाला नावानिशी सांगितलेलं नव्हतं. २३ माणसांची जबाबदारी होती आणि म्हणूनच ती एकाचीही नव्हती.

*

म्हणजे कायदे नाहीत का? आहेत. महाराष्ट्र या बाबतीत मागे नाही, उलट पुढे आहे.

अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा झाला. तो १ जुलै २००६ पासून लागू आहे. कुठलीही फाइल कर्मचाऱ्याच्या टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद लावावी. २८ एप्रिल २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आला. पदनिर्देशित अधिकारी ठरला, दोन अपिलांच्या पायऱ्या ठरल्या, वर आयोग बसला. विनाकारण उशीर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठरला. 'आपले सरकार' संकेतस्थळावरून उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला मागता येतो. सर्व्हर डाउन नसेल तर मिळतोही. पूर्वी एका दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला हे किती मोठं वाटतं, ते मी जाणतो.

पण नीट बघितलं तर हे दोन्ही कायदे कागदाचे आहेत. फाइल सात दिवसांत हलली पाहिजे आणि दाखला मुदतीत मिळाला पाहिजे, एवढं ते सांगतात. होडी, भराव, डीपी आणि आगारातला अंधार यांची फाइल नसते. अर्जच नाही, मग मुदत कशी मोजणार? उलटलेल्या होडीला टोकन नंबर मिळत नाही. वीस वर्षांत आपण उत्तरदायित्व आणलं आणि ते कागदाला लावलं. जमिनीवरची राखण त्याच वीस वर्षांत हातातून गेली. दाखला वेळेत मिळतो म्हणून सरकार सुधारलं असं वाटतं, आणि ते खोटंही नाही. पण ज्या सेवेचा अर्जच करावा लागत नाही, ती सर्वांत महत्त्वाची सेवा उघड्यावर पडली आहे.

इथे एक सावधगिरी. जुन्या मैलकुलीच्या आणि पाटकऱ्याच्या आठवणीत गळा काढायचं कारण नाही. पाटकरी मोठ्या बागायतदाराकडे कोंबडी खायचा आणि टेलच्या गरिबाची पाळी चुकवायचा, हेही तितकंच जुनं सत्य आहे. वस्त्यांवरचे रस्ते तेव्हाही राखले जात नव्हते. काळजी होती तीही जात, जमीन आणि ओळख बघून वाटली जायची. म्हणून ते दिवस परत आणा, असं मी म्हणत नाही. त्यातली एकच गोष्ट घ्यावी. ठरलेल्या तुकड्यावर ठरलेला माणूस. त्याने चूक केली तर ती त्याची म्हणून ओळखू यायची.

बारामतीच्या बाबतीत आणखी एक सांगितलं पाहिजे. या भागाला राज्यात वजन असलेले नेते लाभले. त्यामुळे इथे कामं झाली, रुग्णालयं आली, महाविद्यालयं आली, रस्ते रुंद झाले. पण त्याबरोबर एक सवयही आली. काम अडलं की खिडकीवर भांडायचं नाही, साहेबांच्या माणसाला फोन करायचा. फोन गेला की डीपी येते, पाणी सुटतं, खाट मिळते. फोन करणाऱ्याला वाटतं, व्यवस्था चालते. खरं तर ती त्या एका फोनपुरती जागी झालेली असते. ज्याच्याकडे नंबर नाही, त्याच्यासाठी ती झोपलेलीच. हे फक्त बारामतीत घडतं असं नाही. सबंध महाराष्ट्र असाच चालतो. इथे ते जास्त ठळक दिसतं, एवढंच.

*

हे सगळं जमतच नाही, असंही कुणी म्हणू नये. जमतं. दरवर्षी जमतं, आणि याच रस्त्यावर जमतं.

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीला मुक्कामी येते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत ती नीरा ओलांडते. त्या दिवसांत बघा. कुठल्या विहिरीचं पाणी तपासलं, कुठला टँकर कुठे उभा, कुठल्या दिंडीच्या तळावर किती शौचालयं, कुठल्या वळणावर रुग्णवाहिका, बेलवाडीच्या रिंगणाला कुठला पोलीस, कुठल्या खांबावरची तार सैल आहे, हे सगळं यादीत असतं आणि प्रत्येक ओळीपुढे एक नाव असतं. तहसीलदार, गटविकास अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, वायरमन अशी सगळी माणसं तीच. पगारही तोच. लाखो माणसं या तालुक्यांतून चालत जातात आणि रस्ता दुसऱ्या दिवशी झाडलेला असतो.

याला श्रद्धेचं कारण द्यायला सोपं आहे, आणि ते थोडं खरंही आहे. पण यंत्रणा श्रद्धेवर चालत नाही. ती चालते कारण त्या दिवशी 'हे कुणाचं?' या प्रश्नाला उत्तर असतं. जागा ठरलेली, तारीख ठरलेली, माणूस ठरलेला. पालखी सराटीहून पुढे गेली की ती यादी फायलीत जाते आणि प्रश्न पुन्हा पोरका होतो.

म्हणून मोठ्या सुधारणेची वाट न पाहता एवढं करता येईल. ज्या ज्या काठावरून होडी सुटते तिथे एका माणसाची नेमणूक करावी. वारा सुटला की होडी थांबवण्याचा लेखी अधिकार त्याला द्यावा. कालव्याच्या प्रत्येक टप्प्यावर, प्रत्येक डीपीवर, आगाराच्या प्रत्येक पाळीवर एक नाव आणि एक नंबर रंगवावा. ठेकेदाराचा नको, टोल-फ्री नको, माणसाचा. ग्रामसभेत वर्षातून एकदा ती नावं वाचून दाखवावीत. आणि आपण, ज्यांच्याकडे साहेबांचा नंबर आहे त्यांनी, पुढच्या वेळी आधी त्या रंगवलेल्या नंबरला फोन करावा. तो उचलला गेला नाही, तर त्याची लेखी तक्रार करावी. वाट लांबची आहे, पण फोनवर मिळालेली डीपी आपल्या एकट्याची असते. तक्रारीने मिळालेली डीपी पुढच्या वस्तीलाही मिळते.

कुगाव आणि कळाशीच्या मधलं पाणी अजून तिथेच आहे. पुढच्या मे महिन्यातही संध्याकाळी वारा सुटेल. त्या वेळी काठावर 'आज नको' म्हणणारा एक माणूस उभा असावा. बाकीचं नंतर बोलू.